भिंतीकडची बाजू

(मार्च २००३. कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यातली खोली. दुपार. भिंतीला लावलेल्या कॉटवर दहा महिन्यांचा मल्लेश झोपलाय, पायाच्या अंगठ्याला यंत्राची तार. शेजारी त्याची आई सौंदर्या. खिडकीखालच्या स्टुलावर त्याची आज्जी, म्हणजे सौंदर्याची सासू, कुरुंदवाडच्या पिठाच्या गिरणीची मालकीण दानम्मा. तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत.)

सौंदर्या : आत्ती, आता तरी आडव्या व्हा. मल्लूच्या शेजारी जागा हाय. मी खाली सतरंजी टाकते.

दानम्मा : मला काय निजायला आणलंस हितं? बसती की.

सौंदर्या : परवापासनं बसलाय. पाय लोंबकळून सुजलेत तुमचे. आजचा डबा उघडलासुद्धा न्हाय. या, हात देते, उतरा खाली.

दानम्मा : हात लावू नको. पोतं हाय का मी उचलायला? आणि माझं पाय जन्मापासनं लोंबकळत्यात, आज काय नवं.

सौंदर्या : एक बोलू? रागावणार न्हाईसा?

दानम्मा : रागावीन. बोल तू.

सौंदर्या : दहा महिने झाले, मल्लूला तुम्ही एकदाबी कुशीत घेऊन निजला न्हाईसा. न्हाऊ घालता, तेल लावता, गिऱ्हाईक खोळंबलं तरी त्याला खेळवत बसता. आणि अंधार पडला की पाळण्यापासनं हातभर लांब, भिंतीला टेकून. डोळे टक्क उघडे. मला आधी वाटायचं, पहारा माझ्यावर हाय.

दानम्मा : तू काय सोनं लागून गेलीस तुझ्यावर पहारा ठेवायला?

सौंदर्या : शेजारची बयाबाई म्हणती, नातू आपल्यावानी गिड्डा निपजला, म्हणून म्हातारीचं मन बसंना त्याच्यावर.

दानम्मा : बयाबाईचा नातू ताडावानी वाढलाय, अजून नाक पुसाय येत न्हाय त्याला. गिरणीचा पट्टा चढवाय मला खोकं लागतंय, माणूस लागत न्हाय. माझा संगू माझ्याएवढाच, त्यानं दुसरी गिरण काढली. गिड्ड्यांचं मला वाईट वाटंल व्हय?

सौंदर्या : मग ऑपरेशनला न्हाय का म्हणताय? हे रक्तपेढीत जाताना सांगून गेलेत, माझी अव्वा व्हय म्हणली तरच सही करतो. सगळं तुमच्या एका शब्दावर अडलंय.

दानम्मा : अडू दे. मी वाढली, संगू वाढला. आमच्या मानंला कुणी सुरी लावली न्हवती.

डॉक्टर : आत येऊ का? सुरीचं बोलणं बाहेरपर्यंत ऐकू येतंय.

सौंदर्या : या डॉक्टर. आत्ती, हेच उद्या ऑपरेशन करणार. प्रसेनजीतसर, मेंदूचे आणि मणक्याचे.

दानम्मा : लहान दिसतोय. गाव कुठलं तुझं?

डॉक्टर : इचलकरंजी. वडील मागावर कामाला होते. आडनाव ऑपरेशनला लागत नाही, आज्जी.

दानम्मा : विचारलं का मी आडनाव? गाव विचारलं. बस. काय झालंय म्हणतोस माझ्या नातवाला?

डॉक्टर : त्याची ठेवण तुमच्यासारखी आहे, त्याला आम्ही अॅकॉन्ड्रोप्लेसिया म्हणतो.

दानम्मा : आम्ही गिड्डं म्हणतो. तुझ्या नावानं उंची वाढती का वीतभर?

डॉक्टर : नाही वाढत. उंचीसाठी मी आलोच नाही. हा फोटो बघा. ही कवटी. खाली हे भोक दिसतंय, त्यातनं मेंदूची दोरी पाठीत उतरते. ह्या ठेवणीच्या माणसांत ते भोक जन्मतःच बारीक असतं. तुमचं आणि संगमेशरावांचं पुरेसं राहिलं, म्हणून तुम्ही निभावलात. ह्याचं फारच बारीक आहे, दोरी चेपलीय. म्हणून अजून मान धरत नाही आणि पायात जोर नाही.

दानम्मा : मोठं झाल्यावर सुटंल.

डॉक्टर : लेकराच्या पायातला वाळा कधी रुतलेला बघितलाय?

दानम्मा : संगूचाच रुतलाता. सोनाराकडनं कातरून आणला.

डॉक्टर : थांबला असता, मोठं झाल्यावर सुटंल म्हणून?

दानम्मा : वकिलावानी बोलू नको. सोनाराचा हात चुकला तर पायाला खरचटतंय. तुझा चुकला तर?

डॉक्टर : तर लेकरू जाऊ शकतं. ते मी काल ताईंनाही सांगितलंय. पण न कातरता ठेवलं तर भीती त्याहून मोठी आहे. परवा निळा पडला ना हा? कोणी बघितलं?

सौंदर्या : आत्तींनी. मी शेजारीच होते, मला पत्ता न्हाय. ह्यांनी झडप घातली, पाठीवर थोपटलं, तवा रडला.

डॉक्टर : आज्जी जाग्या होत्या म्हणून वाचला. ती दोरीच श्वास चालवते. झोपेत ती आणखी दबली की श्वास थांबतो.

दानम्मा : रडत न्हाय त्या वक्ताला?

डॉक्टर : नाही. रडायलाही श्वास लागतो.

दानम्मा : हातपाय झाडत न्हाय?

डॉक्टर : बहुतेक वेळा नाही. शेजारच्याला कळतसुद्धा नाही.

दानम्मा : कुशीत असलं तरी?

डॉक्टर : कुशीत असलं तरी.

दानम्मा : आणि सकाळी बघावं तर.

डॉक्टर : आज्जी, कुणाचं बाळ?

सौंदर्या : यांच्यात तसं कुणी न्हाय डॉक्टर. संगमेश एकटेच. आत्तींना दुसरं मूल न्हाय.

दानम्मा : गप तू. तुला काय ठाऊक. संगूलाबी ठाऊक न्हाय.

सौंदर्या : काय ठाऊक न्हाय?

दानम्मा : संगूच्या आधी पोरगी हुती मला. नीलम्मा. पालथी पडाय लागलीती. दिवसभर गिरणीत राबायचं, अंथरुणाला पाठ लागली की मी मेल्यागत. ती भिंतीच्या अंगाला, मी हिकडं. सकाळी हात लावला, तर गार.

सौंदर्या : आत्ती.

दानम्मा : सासू आली. चार बायकांच्या देखत म्हणली, गिड्डीनं आपलं धूड पोरीवर टाकलं. अंगाखाली घेऊन मारलीस, म्हणली. मी काय सांगणार? मी निजलीती. मला काय म्हाईत मी कुठल्या कुशीवर वळली.

डॉक्टर : ती पण तुमच्याच ठेवणीची होती?

दानम्मा : माझीच सावली. डोकं मोठं, बोटं आखूड.

डॉक्टर : झोपताना मान कशी ठेवायची?

दानम्मा : मागं टाकून. ह्यो मल्लू टाकतोय तशी. घामानं डोक्यावरचं टापरं भिजायचं. मधीच घोरायची, मधीच एकदम गप व्हायची. मी म्हणायची, बापावर गेली. तिचा बाप भरमाप्पा घोरायचा.

डॉक्टर : आज्जी, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. तिचा फोटो नाही, तपासणी नाही. मला शपथेवर सांगता येणार नाही.

दानम्मा : सांगू नको. सासूनंबी बघितलं न्हवतं, तिनं शपथेवर सांगितलं.

डॉक्टर : पण तुम्ही सांगताय ती सगळी लक्षणं ह्या भोकाची आहेत. मला विचाराल, तर ते बाळ तुमच्या अंगाखाली गेलं नाही. त्याचा श्वास थांबला.

दानम्मा : परत बोल.

डॉक्टर : त्याचा श्वास थांबला, आज्जी. तुम्ही जाग्या असता तरी त्या काळात काही करता आलं नसतं.

दानम्मा : जागी असती तर थोपटली असती की. मल्लूला थोपटलं तसं.

डॉक्टर : एखाद वेळेला. रोज रात्री नाही. कुणाला जमतं रोज रात्री?

सौंदर्या : आत्तींना जमलं. संगमेशना पण तुम्ही असंच राखलंत व्हय? म्हणून ते म्हणतात, मला अव्वाची कूस आठवत न्हाय, आप्पांचीच आठवती.

दानम्मा : असं म्हणतोय व्हय तो?

सौंदर्या : रागानं न्हाय म्हणत.

दानम्मा : त्याला वाटलं असंल, आईला लेकरू जड झालं. वाटू दे. लेकरू जितं हुतं.

सौंदर्या : मला सांगायचं हुतं आत्ती. निम्मी रात्र मी जागले असते.

दानम्मा : काय सांगू? पोरीला खाल्ली, आता नातवापासनं लांब बसती, असं? सुनंला?

डॉक्टर : उद्या सकाळी घेतो मी त्याला. मागनं हाड थोडं कातरायचं, दोरीला जागा करायची. हात जपून चालवीन. एवढंच सांगू शकतो.

दानम्मा : एवढंच सांग. जास्ती सांगणाऱ्यावर माझा इस्वास न्हाय. आणि हे अंगठ्याचं मिशन, हे कशाला?

डॉक्टर : श्वास कमी पडायला लागला की ते वाजतं. पार सिस्टरच्या टेबलापर्यंत ऐकू जातं. सिस्टर धावत येतात.

दानम्मा : आणि लाइट गेली की?

डॉक्टर : आत बॅटरी आहे.

दानम्मा : निजत न्हाय कधी?

डॉक्टर : नाही.

दानम्मा : डोळाबी लागत न्हाय?

डॉक्टर : नाही लागत, आज्जी.

दानम्मा : बरं हाय. जा तू आता. जेवलास का? तोंड उतरलंय तुझं. सौंदर्या, डब्यातली भाकरी दे त्याला, शेंगाची चटणी हाय.

डॉक्टर : राउंड संपला की येतो खायला. ठेवा माझ्यासाठी.

सौंदर्या : आत्ती, कुठं निघालाय? थांबा, पडाल.

दानम्मा : ही कॉट कुणी केलीया एवढी उंच? ये हिकडं. धर मला.

सौंदर्या : उचलू?

दानम्मा : मग काय शिडी आणतीस? उचल. हळू. त्याला भिंतीकडं सरकव जरा, तार ओढू नको. असं. मान सरळ ठेव त्याची.

सौंदर्या : उशी देऊ?

दानम्मा : नको. डोकं किती गरम हाय ह्येचं. सौंदर्या.

सौंदर्या : काय?

दानम्मा : संगू आला की सांग, अव्वा व्हय म्हणली. आणि मला उठवू नको.