कंसातलं वाक्य

मी नाशकात बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, ऐंशी-एक्याऐंशीत, तेव्हाचं सांगते. आमचे सर दरवर्षी एकाच वहीतून नोट्स वाचायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. परीक्षा आठवड्यावर आली आणि कळवणहून येताना सरांची ती वही एसटीत राहिली. उजळणीला नेमकी शोकांतिका. सर रिकाम्या हातांनी वर्गात उभे.

मी म्हटलं, "सर, माझ्या ताईची वही आहे. सहा वर्षांपूर्वी ती तुमच्याच वर्गात होती."

सरांनी वही घेतली आणि सुरू झाले. शब्दन् शब्द त्यांचाच! नायक मेला, सरांचा आवाज जड झाला, आणि इंग्रजीच्या त्याच ओघात ताईचं मराठीही त्यांनी वाचून टाकलं, "कंसात, इथे सर चष्मा काढून डोळे पुसतात."

सरांचा हात चष्म्यापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला.

मागच्या बाकावरून देवरे म्हणाला, "सर, नाटकात कंसातलं वाचायचं नाय, करून दाखवायचं. काल तुम्हीच शिकवलं ना."

सरांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि मला म्हणाले, "ताईला सांग, वही परत मिळणार नाही."