चांगुणाबाईंचे तीन फळे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच माननीय अमृतराव, शाळा समितीचे सन्माननीय सदस्य, माझे सहकारी, पालक बंधू-भगिनींनो, विद्यार्थी मित्रांनो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आदरणीय चांगुणाबाई,

निरोपाच्या वेळी मुख्याध्यापकानं काय बोलावं हे ठरलेलं असतं. बाईंची हट्टा गावी बदली झाली, शाळेत पोकळी निर्माण झाली, वगैरे. मीही तसंच लिहून आणलं होतं. ते खिशातच राहू दे.

माझ्या मागे पाहा. एका फळ्यावर ‘हार्दिक’, दुसऱ्यावर ‘निरोप’, तिसऱ्यावर ‘समारंभ’. राधाकृष्ण सरांनी रंगीत खडूंनी वेलही झकास काढली आहे. त्यांचा यात काडीचाही दोष नाही. हुकूम माझा होता.

या फळ्यांवर काल काय होतं, ठाऊक आहे? येत्या जूनचं वेळापत्रक. शिक्षक कमी, वर्ग जास्त, त्यात विज्ञानाचे सर वाशीमच्या गाडीनं येणार. ती कनेरगाव नाक्यावर अडली की पहिला तास गेलाच. बाई एका फळ्यावर वर्ग मांडत, एकावर खोल्या, आणि मधल्यावर शिक्षक. बाजूचे दोन्ही फळे जरा आत वळवलेले. आम्ही म्हणायचो, बाईंनी दुकान थाटलं. मी एकदा विचारलंही, “बाई, एका फळ्यावर मावत नाही का?”

“मावतंय सर, पण एकदम दिसत न्हाई. इकडं तास हलवला की तिकडं दोन वर्ग एकाच खोलीत घुसतात. मान वळवावी लागली की निसटतंय बघा.”

आणि शेवटचा तास जुळेपर्यंत त्या काहीही कागदावर उतरवत नसत. अर्धवट उतरवलं की तेच खरं वाटायला लागतं, असं त्यांचं म्हणणं.

परभणीहून बदलीचा हुकूम आला, तेव्हाच त्यांना जाता आलं असतं. ज्या शाळेत आता शिकवायचं नाही, तिच्या वेळापत्रकासाठी त्या थांबल्या. आणि आज सकाळी मी इथे आलो अन् म्हणालो, “हे फळे कशाला अडवून ठेवलेत? पुसा, आणि काहीतरी छान लिहा.” मला ते यंदाचंच जुनं वाटलं. वेळापत्रकावर दरवर्षी सही मी करतो. सही करताना कधी वाचलं असतं, तर ओळखलं नसतं का?

थोड्या वेळानं बाई आल्या. हातात खडू होता. त्यांनी फळ्यांकडे पाहिलं आणि राधाकृष्ण सरांना म्हणाल्या, “अक्षर लय सुरेख आलंय, सर.” खडू पिशवीत टाकला आणि आम्ही मांडलेल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मंडळी, मला लाज वाटली.

दुपारी आठवीच्या वर्गातल्या फळ्यावर मी स्वतः जुळवून पाहिलं. राधाकृष्ण सरांना एकाच तासाला दोन वर्गांत उभं केलं. हसा, हसण्यासारखंच आहे.

अध्यक्ष महाराज, आपण आत्ताच माझ्या कानात म्हणालात, “बाईला काहून जाऊ देता? दोन दिस ठेवून घ्या की.” नाही. बाईंनी चारची गाडी धरावी. आपणच मोडायचं आणि पुन्हा त्यांनाच मांडायला लावायचं, इतका निर्लज्ज मी अजून झालेलो नाही.

आपण बसला आहात त्या सतरंजीखाली, फरशीवर, फळ्यांच्या स्टँडचे पाय कुठे ठेवायचे त्याच्या खुणा आहेत. बाईंनीच विटकरी रंगानं केलेल्या. आज वर सतरंजी पडली म्हणून तेवढ्या माझ्या हातून वाचल्या. उद्या सकाळी सतरंजी गुंडाळून, त्या खुणांवर फळे मांडून, मी मध्ये उभा राहणार आहे.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्यावं. फळ्यांचं मात्र पदरात घेऊ नका, बाई. ते माझ्याकडेच राहू द्या.