दुपारची एक ओळ

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर इतिहासात पीएचडी करणारी केतकी आणि पुण्याहून आलेली तिची मावशी बोलत होत्या.

“त्या जुन्या कागदांत एवढं काय सापडलं गं?”

“एक कम्प्लेंट, मावशी. १८६६ची, जॉर्जियातली. गुलामगिरी नुकतीच संपली होती. ल्युसिंडा नावाची बाई आता करार करून शेतावर राबायची. तिचं बाळ चार महिन्यांचं, आणि मालक दुपारी तिला पाजायला सोडेना.”

“अगं बाई! मग?”

“तिने काम थांबवलं. बाळाला कडेवर घेऊन बारा मैल चालत सरकारी ऑफिसरकडे गेली.”

“शाब्बास! त्याने ऐकलं?”

“हो. मालकाला बोलावून करारात ओळ घालायला लावली. ‘दुपारी एक तास बाळाला पाजायला घरी जाईल.’ खाली सहीच्या जागी तिची फुली आहे.”

“आणि मालकाने ते पाळलं?”

“ते कुठेच लिहिलेलं नाही गं.”

“मग त्या लेकराचं काय झालं, ते कसं कळणार?”

“काल तिचा पुढच्या वर्षीचा करार मिळाला. मालक तोच. तिच्या नावापुढे लिहिलंय, ‘सोबत एक मुलगी, चालायला लागलेली.’”



“म्हणजे पोटभर प्यायली गं पोर.”