देवीचा बोकड

"देवीला सोडलेल्या जिवावर काठी उगारू नये," असं सासूबाई सांगत. धुळ्यात गिरणीच्या रांगेत ते आठवलं, कारण पुढे मंदाबाई आणि भिकुबाईंचं जुंपलं होतं.

"अक्का, पांझरा नदीकाठे आम्ही लावेल बठ्ठा रोपं तुना बोकड खाई गया, एक बी सोडं नही! दर रविवारी खड्डा खंदी खंदी आमना हात सोलाई ग्यात."

"तो आते मना नही, मंदा. देवीले सोडेल शे. बांधू कशी?"

"मंग देवीलेच सांग, खड्डा खंदाले ये!"

"हासाडू नको," भिकुबाई हसू दाबत म्हणाल्या.

"आज परत लावसूत. हाई बी खादं, तर कोनी येवाव नही."

"त्याले पोटभर पाला दिधा, तर देवी थोडीच रागे भरस? रोपं मोठा होतीन तवलोंग मीच त्याले राखसू."

"रोज?"

"रोज."

भिकुबाईंनी दळणाचा डबा मंदाबाईंकडे दिला, गिरणीच्या दारातल्या शेवग्याचा पाला ओटीत घेतला आणि नदीची वाट धरली.