अण्णांची काच, संदेशची टोपी

...नाही, पण मी म्हणतो, एकानं तरी सांगायचं होतं की नाही? एकानं! फिल्टर काढू नको म्हणणारे आमच्याच घरातले, हूड लावाच म्हणणारेही आमच्याच घरातले, पण दोन्ही एकावर एक चढवू नका हे सांगणारा एक माणूस ह्या अख्ख्या हैदराबादेत निघू नये? आणि आता? आता सगळे शहाणे! काल आमचा वॉचमन लिफ्टमधे मला म्हणतो, "कॅमेरा प्रॉब्लेम अंट, सार?" प्रॉब्लेम झाला म्हणे! अरे, तुला कोणी सांगितलं? कुकटपल्लीतल्या वॉचमनपर्यंत बातमी, की दत्तात्रय उदगीरकरांनी सख्ख्या बहिणीला फोटोतनं उडवलं!

तुम्हाला सांगतो, खिडकीत सगळं स्वच्छ दिसत होतं. देवाशपथ स्वच्छ!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीपण तिकडच्या पार्टीत जाल. कॅमेरा अण्णांचा. अण्णा म्हणजे आमचे वडील, वकील. काचीगुड्याच्या घरी पक्षकार बाहेर ताटकळत बसलेत आणि हे आत मलमलचा तुकडा घेऊन कॅमेरा पुसतायत. जर्मन माल, रेंजफाइंडर. आता रेंजफाइंडर म्हणजे काय, तर तुम्ही लेन्समधनं बघतच नाही! लेन्स आपली मधोमध, आणि तुम्ही डोळा लावता तो वर कोपऱ्यात एक वेगळी बारकी खिडकी असते, तिला. लेन्सपुढे बोट येऊ दे, झाकण तसंच राहू दे, म्हैस येऊन उभी राहू दे... खिडकी म्हणणार, सब ठीक है! म्हणजे फोटो काढणार एक डोळा आणि बघणार दुसराच. ह्याला जर्मन लोक अक्कल म्हणतात!

आणि त्या लेन्सवर अण्णांनी एक फिल्टर चढवलेला. साधी काच हो, लेन्सला ओरखडा पडू नये म्हणून. "दत्तू, ही काच काढायची नाही. उघड्या लेन्सला बोट लागलं तर ते बोट राहणार नाही!" मी तेव्हा आठ वर्षांचा. आज अडुसष्ट. अण्णा जाऊन तीस वर्षं झाली, काच तिथेच. माझं बोटही शाबूत.

झाली एक पार्टी. दुसरी पार्टी आमचा संदेश, माझा मुलगा. ह्यानं आयुष्यात फिल्मचा एक रोल भरला नाही, पण मोबाइलवर कोणीतरी गोरा माणूस कॅमेऱ्यावर तासभर बोलतो, तो ह्याचा गुरू! "बाबा, समोरनं ऊन आलं की तुमच्या त्या फिल्टरवर चमकतं, फोटो धुरकट होतो. हूड पायजे." हूड म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायची टोपी, ऊन अडवायला. मागवलीन पितळेची, काळी, आणि तिला चारी बाजूंनी खाचा. मी म्हटलं, टोपीला भोकं कशाला रे? तर म्हणतो, "तुमच्या खिडकीच्या आड येऊ नये म्हणून. खाचांतनं आरपार दिसतं." वा! म्हणजे टोपी आहे हेच खिडकीला कळू द्यायचं नाही. बंदोबस्तच केला पोरानं!

आता ती टोपी बसवायची कुठे? "फिल्टर काढा, तिथे बसवा," संदेश म्हणाला. फिल्टर काढा! मी दोन बोटं लावली... लावली आणि मागं घेतली. बोटं गेलीच नाहीत हो पुढे. मग बघतो तर फिल्टरच्या पुढच्या कडेलाही आटे आहेत! टोपी त्याच्यावर ठेवली, फिरवली, कर्रर्र करून गच्च बसली. अण्णाही राजी, संदेशही राजी. मला काय आनंद झाला म्हणता! कारण जन्मभर मी हेच करत आलोय. ह्याचंही राहावं, त्याचंही राहावं. आमची मालती, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, लग्न झाल्यापासून ओरडतायत, "अहो, कधीतरी एका बाजूला व्हा!" नाही झालो. म्हटलं, मधे उभं राहिलं की सगळे जवळ राहतात.

हे सगळं कशासाठी? एका फोटोसाठी!

आमचे थोरले बंधू नामदेवदादा, राहणार मलकपेठ. आमची सगळ्यांत मोठी बहीण कुसुमताई, राहणार काचीगुडा, अण्णांच्याच घरात. वय एकोणऐंशी, मराठी शाळेत छत्तीस वर्षं मास्तरीण, लग्न केलं नाही, आई लवकर गेली तर आम्हा दोघांची शेंबडं नाकं तिनंच पुसली. ह्या दोघांचं बोलणं अकरा वर्षं बंद! का? तर दादाच्या धाकटीचं लग्न, वृषालीचं. पत्रिकेत खाली निमंत्रकांची नावं असतात की नाही? आजोबांची, मामांची, आत्याची... तिथं ताईचं नाव नाही. आत्याचं नाव नाही! दादा म्हणतो, "अगं, खाली 'समस्त उदगीरकर परिवार' लिहिलंय ना, त्यात आलीसच की तू!" ताई म्हणाली, "मी समस्त का, नामदेव?" बास. एवढ्या तीन शब्दांवर अकरा वर्षं गेली.

आणि मी? मी पोस्टमन! काचीगुड्याहून मलकपेठेला लोणच्याची बरणी न्यायची, ताईनं दिली म्हणायचं नाही. मलकपेठेहून काचीगुड्याला गुडघ्याचं औषध न्यायचं, दादानं दिलं म्हणायचं नाही. अकरा वर्षं दोन्हीकडचं गोड गोड तेवढं सांगितलं, कडू माझ्यापाशी ठेवलं. शेवटी गेल्या कार्तिकात दादाच्या नातीचा, योगिनीचा, साखरपुडा ठरला. दादानं स्वतः ताईला फोन केला. ताई म्हणाली, "येईन. पण ते मोबाइल समोर नाचवायचे नाहीत. माझं तोंड त्या ग्रुपांवर गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत फिरायला नको. फोटो एकच, अण्णांच्या कॅमेऱ्यानं, दत्तू काढेल."

दत्तू काढेल! छाती अशी फुगली माझी. मी सगळ्यांना दम दिला, मोबाइल खिशात, एकानंही बाहेर काढला तर खबरदार! आणि काढले नाहीत हो कोणी. ह्या घरानं माझं जन्मात एकदा ऐकलं, ते नेमकं त्या दिवशी.

मलकपेठेला दादाच्या घरापुढे पायऱ्या आहेत. मुलं-सुना पायऱ्यांवर उभी केली, समोर खाली खुर्च्यांची रांग, मधे योगिनी आणि नवरा मुलगा, शेजारी दादा. ताई आली. सरळ गेली आणि उजवीकडच्या शेवटच्या खुर्चीवर बसली. दादा उठला, अहो, पंच्याहत्तर वर्षांचा माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठला, म्हणाला, "ताई, इथं मधे ये." ताई म्हणाली, "राहू दे. मला कडेला बसायची सवय केलीय तुम्ही." कढईत पाणी पडावं तशी चरचर झाली नुसती. दादाचा चेहरा पडायला लागला, आणि मी म्हटलं, आता हा काहीतरी बोलणार, ती उठणार, झालं कल्याण! म्हणून मी... मीच हो... खिडकीला डोळा लावून ओरडलो, "बस, बस, ताई, तिथंच बस! मस्त मावतेयस! हलू नको!"

आणि मावत होती! खालच्या उजव्या कोपऱ्यात, जांभळी इरकल, हातात पेढा, आणि... तुम्हाला सांगतो... हसत होती. अकरा वर्षांनी त्या अंगणात बसून हसत होती. दादा तिच्याकडे बघत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तरी सांगतो, खिडकीत सगळं स्वच्छ दिसत होतं! ऊन रग्गड, म्हणून लेन्सचं भोक बारीक केलं, फिल्म वाया जाऊ नये म्हणून अण्णांच्या शिस्तीत कडेपर्यंत माणसं भरली आणि खटक, खटक, खटक, तीन काढले.

रोल कोठीच्या बाजारात दिला. तिथं एक खाजाभाई आहेत, अजून फिल्म धुतात. आठ दिवसांनी दादाचा फोन, "दत्तू, तू कुठं कुकटपल्लीहून येतोस, कोठी मला जवळ, मीच आणतो फोटो." आणला. रात्री परत फोन, "सुंदर आलाय रे! योगिनी काय दिसतेय! मी तर फ्रेम करून हॉलमधे लावला!" मी मालतीला पेढा दिला. स्वतः दोन खाल्ले.

चार दिवसांनी ताई मलकपेठेला गेली. आपणहून! चंपाषष्ठीचं वांग्याचं भरीत घेऊन. हॉलमधे फोटोसमोर उभी राहिली. बघत राहिली. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. आणि म्हणाली, "नामदेव, मागे मी पत्रिकेत नव्हते. आता फोटोतही नाही."

नव्हती हो! चारी कोपरे काळे ठिक्कर. वरचे दोन गेले त्यात काय गेलं, तर तोरण आणि पन्हळ. खालचा डावा गेला, त्यात कोणाचीतरी चप्पल. आणि खालचा उजवा... काळं. त्या काळ्यातनं फक्त एक हात बाहेर आलेला, पेढा धरलेला. तिन्ही फोटोंत तेच, हात आणि पेढा!

मी निगेटिव्ह घेऊन खाजाभाईंकडे पळालो. म्हटलं, धुताना काही बिघडलं का? त्यांनी उजेडात धरलं, मग माझा कॅमेरा हातात घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं कोणी माझ्याच मयताला आलंय! "साब, चष्मे के उप्पर टोपी पिनाए आप? टोपी नंगे लेन्स के नाप की है. बीच में चष्मा घुसाए तो टोपी आगे सरक गई, कोने खा गई. दोनों कायकु लगाए, साब?" मी म्हटलं, पण खाजाभाई, खिडकीत तर... "खिडकी में नक्को देखो, साब. खिडकी को क्या मालूम!"

आता तुम्ही मला सांगा, ह्यात माझा गुन्हा काय? संदेशला विचारलं तर, "बाबा, मी फिल्टर काढा म्हटलं होतं. बेसिक आहे ते." बेसिक! अण्णांना विचारावं तर ते भिंतीवर, हारात. दोघंही बरोबर, मी एकटा चूक! का, तर मी दोघांचंही ऐकलं!

आणि दादा? माझं पोट कशानं दुखतंय ते सांगतो. दादानं तो फोटो पाकिटातनं काढला, बघितला, फ्रेमवाल्याकडे नेला, भिंतीवर ठोकला, चार दिवस त्याच्यासमोर बसून चहा प्यायला... आणि ताई त्यात नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही! माझ्या तर कॅमेऱ्यावर टोपी होती, ह्याच्या डोळ्यांवर काय होतं? हे विचारायचं सोडून घरात चर्चा कशाची, तर माझ्या हूडची!

कारण दादानं डोकं चालवलं ना! मुळात वकिलाचा मुलगा. ताईसमोर हात जोडले आणि म्हणाला, "ताई, मी तुला मधे बोलवत होतो की नाही? उठलो होतो की नाही? 'तिथंच बस' कोण म्हणालं?" ताईनं विचार केला. म्हणाली, "दत्तू म्हणाला." "मग?" "खरंय. दत्तूच म्हणाला."

मिटलं! अकरा वर्षांचं भांडण एका मिनिटात मिटलं! दोघं एका सोफ्यावर बसून भरीत-भाकरी जेवले आणि मला फोन लावला, स्पीकरवर. मी आपला समजावतोय, ताई, त्याचं काय होतं, फिल्टरची जाडी मधे आल्यामुळे हूड पुढे सरकतो, भोक बारीक असलं की सावलीची कड आणखी... ताईनं शाळेत कवायतीला थांबवायची तसं थांबवलं. "दत्तू, म्हणजे अण्णांना दुखवायचं नव्हतं म्हणून काच ठेवलीस. पोराला दुखवायचं नव्हतं म्हणून टोपी लावलीस. नामदेवला बोलू द्यायचं नव्हतं म्हणून मला कोपऱ्यात बसवलंस. सगळ्यांना सांभाळलंस रे. तोंड तेवढं माझं गेलं." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून दोघं माझ्याशी बोलत नाहीत. हौ! दोघंही! आता लोणचं काचीगुड्याहून मलकपेठेला सरळ जातं, मधे पोस्टमन लागत नाही. मी मालतीला म्हटलं, निदान मिटलं ना, ते महत्त्वाचं. तिनं लोणच्याची रिकामी बरणी उचलून फडताळात ठेवली.

काल योगिनीच्या लग्नाची पत्रिका आली. कुरियरनं. आजोबाच्या सख्ख्या भावाला, कुरियरनं! मजकूर ताईनं लिहिलाय, प्रूफ ताईनं तपासलंय, म्हणजे नजरचूक म्हणायची सोय नाही. निमंत्रकांत पहिलंच नाव, कुमारी कुसुम. शोभतंय, असायलाच पाहिजे. पुढे दादा, मग भाऊ, मामा, आत्या, नवऱ्या मुलाच्या गावचे कोण कोण... मी शोधतोय. नाही. मागची बाजू तेलुगूत, नवऱ्याकडच्यांसाठी. म्हटलं, तिकडे असेन! वॉचमनला वाचायला लावली. त्यानं बोट फिरवत फिरवत सगळी वाचली, मान हलवली, "लेदु, सार." नाही म्हणे. खाली 'समस्त उदगीरकर परिवार'. म्हटलं, दत्तोबा, झालात समस्त!

मालती म्हणाली, "नीट बघा हो, कोपऱ्यात काहीतरी आहे." चष्मा पुसला, उजेडात गेलो, आणि सापडलो! आहे, माझ्यासाठी खास एक ओळ आहे! खालचा उजवा कोपरा, बारीक अक्षर, पण ह्या वेळी सगळं स्वच्छ दिसतंय हो:

'कृपया आहेर व कॅमेरा आणू नये.'