नववं तिकीट

नका ताई, बोलू नका — पॅक आत्ताच लावला, ओठ हलवले का गालावर भेगा पडते, मंग चमक येत नाही अन् तुम्ही मलेच म्हणसान का दीपमालानं काम बिघडवलं. डोळे मिटून पडून राहा. काकडी ठेवतो डोळ्यावर, थंड वाटन. बाहेर ऊन खाली गेलं तरी हा कूलर गरमच हवा फेकून राह्यला. मी आपली सहज विचारून राह्यली — उटीच्या तिकिटाचं काय ठरलं? मान हलवू नका ना जी. खुर्चीत बसता बसता तुम्ही म्हटलंच, अजून भाव उतरले नाही म्हणून, ते ऐकलं मी. मंग मी कधी काढू माहं तिकीट? तुम्ही सांगसान तवा काढतो. आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष तुम्ही, हंसाताईले विचारल्याशिवाय दीपमालानं कधी एक पाऊल टाकलं का? नाही टाकलं.

आता पॅक वाळेपर्यंत तुम्हाले बोलता येत नाही, तं मीच बोलतो. सुरभीचं लग्न आठवते ना? तुमच्या पोरीचं लग्न म्हणजे सारं पांढरकवडा लोटलं होतं. पहाटपासून मी तिच्यापाशी — मेकअप, जुडा, साडी, पुन्हा रिसेप्शनचा मेकअप, मधात तुमचा, तुमच्या जावांचा, मावश्यांचा — दिवसभर पाण्याचा घोट घ्याले फुरसत नव्हती. अन् संध्याकाळी सुरभी स्टेजवर चढली, लोकं पाहतच राह्यले, तवा तुम्ही साऱ्यासमोर माहा हात धरला. म्हटलं, दीपमाला, उन्हाळ्यात आपलं मंडळ उटीले जाऊन राह्यलं, नागपूरवरून बेंगलोरपर्यंत विमानानं, आठ जणी आहो आम्ही, तू नववी — तू काय परकी हाय का? मी मागितलं होतं का? नव्हतं मागितलं. मी तं मंडळाच्या मिटिंगमध्ये बी मागच्या खुर्चीवर बसतो. तुम्ही आपल्या मनानं बोलल्या. अन् मले रातभर झोप नाही आली, ताई. आमच्या खानदानात कोणी विमान आतून नाही पाह्यलं. माही माय कांताबाई, तिनं तं दुसऱ्याच दिवशी विहारात सांगून टाकलं — माही पोरगी विमानात बसते म्हणून.

मंग सुरू झालं, तिकीट कधी काढायचं ते. संक्रांतीले मी पैसे घेऊन आली तुमच्या घरी, तुम्ही म्हटलं राहू दे, आता महाग हाय, होळी झाली का स्वस्त होते. होळी झाली. मंग म्हटलं, पोरांच्या परीक्षा होऊ दे, तवा कंपनीवाले सेल लावते. परीक्षा झाल्या. मंग म्हटलं, मंगळवारी दुपारी भाव पडते, दुसऱ्या दिवशी काढूच नये. मंगळवारी दुपारचं गिऱ्हाईक घेणं मी बंद केलं ना ताई. हातात फोन घेऊन बसून राहो, डोळे दुखेपर्यंत. भाव खाली कुठचा जाते, वरच चालला. मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, म्हटलं ताई हो, आता काढून घेऊ, अजून चढन. एकीनं तेवढा अंगठा टाकला. अन् तुम्ही मले चौकात भेटल्या तवा हसून म्हटलं, तुले काय समजते गं विमानातलं, आमचे हे पाहून राह्यले ना, ते सांगतीन तवा काढू. मले वाटलं खरंच हाय, मले काय समजते.

कूलर जवळ सरकवू का? बरं, राहू द्या. उद्या भाचीचं लग्न हाय म्हटलं ना तुम्ही, राजूरले, म्हणून फेशियल. मले नवल वाटते ताई, या आठवड्यात साऱ्या मंडळावरच कार्यक्रम कोसळले. एकीकडं जावळं, एकीकडं वास्तू, एकीचा नवरा रिटायर होऊन राह्यला — तो तं अजून पन्नाशीचा बी नाही. एकेक येते, खुर्चीत बसते, आयब्रो, वॅक्सिंग, पेडिक्युअर करून जाते. साऱ्याइच्या टाचा मी घासघासून गुळगुळीत केल्या. पहिल्यांदा मले काहीच नाही समजलं, म्हटलं यंदा सीझन चांगला हाय. मंग निकिता आली, तुमच्यातली सगळ्यात लहान, तिच्या पोटात काही राहत नाही. नखं रंगवता रंगवता मले विचारते — ताई, विमानात नेलपॉलिशची बाटली नेऊ देते का?

मी म्हटलं, देते वाटते, लहान असली तं. अन् दुसऱ्या हाताची नखं रंगवत राह्यली. ब्रश नखाच्या बाहेर नाही गेला माहा. तिलेच समजलं काय बोलून गेली ते, अन् रडाले लागली. मंग तिनंच सांगतलं सारं — तिकिटं फेब्रुवारीतच निघाली म्हणे. तुमच्या घरी बसून, चहा पिता पिता, आठही एकसंग. अन् माह्याशिवाय दुसरा ग्रुप काढला. होळी अन् परीक्षा अन् मंगळवार, हे सारं माह्या एकटीसाठी होतं. भाव उतरायची वाट नव्हत्या पाहत तुम्ही, सीटा संपायची वाट पाहत होत्या, म्हणजे मंग हात वर कराले मोकळ्या. उद्या पहाटे तुमच्या दारातून जीप निघते. राजूरले नाही, नागपूरले.

उठू नका ताई. असं तोंड घेऊन कुठं जाता, भर बाजारातून? अजून थोडा वाळाचा हाय पॅक. घाबरू नका, मुलतानी मिट्टीच हाय त्यात. निकिता गेल्यापासून माह्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगू का? ब्लीचमध्ये पावडर दुप्पट टाकू, तोंड असं भाजन का उटीच्या थंडीत बी आग होईन. वॅक्स उकळतं लावू. खुर्चीत आडव्या पडल्यावर कोणाची बी मान माह्याच हातात असते ना, डोळे बंद, अन् वरून माह्यावर भरोसा. रोज सकाळी शटर उघडतानी ठरवो का आज करतो. अन् मी काहीच नाही केलं. हात ऐकतच नाही माहा. साऱ्याइचं काम चोख करून दिलं, हसून पाठवलं, अन् तुमची वाट पाहत बसली. मले म्हाईत होतं, तुम्ही सगळ्यात शेवटी येसान, ताजं ताजं करून जाले.

मी निकिताले एकच विचारलं — काहून? ती म्हणे, रूममध्ये दोघी-दोघी हाय ताई, अन् तुमच्यासंग… मी म्हटलं, बोल. म्हणे हंसाताई म्हणत होत्या, दीपमाला पोरगी चांगली हाय, पण एका पलंगावर, एका पांघरुणात कसं जमन, आपल्या घरी देव हाय. मले हसूच आलं, खरं सांगतो. पार्लर टाकलं तवापासून दर महिन्याले तुमचं तोंड माह्या हातात असते. गाल, ओठ, मान, काखा — कुठं माहा हात नाही लागला तुम्हाले? सुरभीच्या कपाळावरची लग्नातली टिकली बी मीच लावली. तोंडाले माहा हात चालते, उशीले माहं डोकं नाही चालत. आम्ही बुद्धाचे लोक, हे साऱ्यासमोर हात धरला तवा नाही आठवलं तुम्हाले, घरी गेल्यावर आठवलं. मले लय राग आला ताई. त्या दिवशी ताट तसंच सारून उठली, माय विचारे काय झालं, मी म्हटलं उन्हानं होते.

आता पुसतो हं. पाणी कोमट हाय. काकडी काढू द्या — हं, पाहा, कसा निघाला चेहरा. बोला आता, काय बोलाचं ते. — हं. — बाकीच्या म्हणत होत्या, तुम्ही नव्हत्या म्हणत. बरं. — तुमचा नाइलाज झाला. — डोळे नका पुसू, आत्ताच क्रीम लावलं. पुढच्या वर्षी जाऊ म्हणता? जाऊ ना. मी काही जन्मभराचा दावा धरून बसणारी बाई नाही. मनात होतं ते बोलून टाकलं, हलकं वाटलं. चला, आयब्रो करून घेऊ, अशा वाढलेल्या भुवया घेऊन विमानात बसता का, जागोजागी फोटो निघतीन. मागं टेका. दोन्ही हातानं ताणून धरा, एक बोट वर, एक पापणीवर. धागा मी मानेत अडकवतो आता, दातात नाही धरत — कोरोनाच्या वेळी तुम्हीच म्हटलं होतं, तोंडात धरू नको म्हणून. कोरोना गेला, मंग बी तुम्हीच म्हटलं का तसंच राहू दे.

दुखते का? डाव्या बाजूनं थोडं दुखतेच तुम्हाले. मले आता तुमच्यापेक्षा मायची काळजी हाय, ताई. तिनं शंकरपाळे करून ठेवले, दोन मोठे डबे, नवही जणींले पुरले पाह्यजे म्हणे. वस्तीत घरोघरी सांगून झालं तिचं. अन् मी बी काही कमी नाही, यवतमाळवरून चाकाची बॅग आणली, पार्लर बंद झालं का आतल्या आत ओढून पाहो — कशी फिरते, कशी वळते, एका हातानं कशी धरायची. दारावर कागद बी चिकटवला, दीपमालाताई बाहेरगावी जात असल्यामुळे पार्लर बंद राहील. तो आता काढू कसा? साऱ्याइनं वाचला. म्हणून मी बी निघतो उद्या पहाटेच, बॅग घेऊन. जीप मले नाक्यावरून घेते असं मायले सांगतलं. राळेगावले माही मावसबहीण हाय, तिच्या घरी आतल्या खोलीत बसून राहतो फोन बंद करून, तुम्ही वापस येईपर्यंत. माय मले हात हलवन दारातून, पोरगी विमानात चालली म्हणून. मंग येतो वापस, अन् सांगतो साऱ्याइले उटी कशी होती — हे कायले सांगून राह्यली मी तुम्हाले? हे कोणालेच सांगायचं नव्हतं. तुम्ही कोठं बोलू नका, ताई. मायच्या कानावर गेलं तं ती मरन.

काय म्हटलं? हलू नका, धागा लागन. — अजून एखादी सीट असन म्हणता. — घरी फोन करता? आता? माह्यासाठी? — थांबा, धागा थांबवतो मी, नीट सांगा. म्हणजे उद्याच, तुमच्याचसंग, त्याच जीपमध्ये. पैशाचं नंतर पाहू म्हणता. — नाही नाही, रडून नाही राह्यली मी, धागा ओढून ओढून डोळ्याले पाणी येते. तुमचं मन मोठं हाय, मी उगाच बोलली एवढं. बॅग तं भरूनच हाय माही. अन् ताई, राहाचं कसं करसान? आठ जणींच्या जोड्या लागल्या ना तुमच्या. —

वेगळी रूम.

माह्यासाठी वेगळी रूम घेता. म्हणजे कोणाले अडचण नको. — समजलं ना, काहून नाही समजणार. चांगल्यासाठीच बोलल्या तुम्ही.

हात काढा. झालं. ही डावी भुवई पाहा आरशात. अशी भुवई मी अजून कोणाची नाही काढली, सुरभीची बी नाही, तिच्या लग्नातली. एक केस इकडं-तिकडं सापडला तं दाखवा. — उजवी? उजवी नाही करत मी. — बरोबर ऐकलं तुम्ही. ती जशी वाढली तशीच राहू द्या, डोळ्यावर उतरली तरी राहू द्या. — आता कोणाकडं जाता, रविवार हाय, स्टँडजवळचीचं पार्लर बंद असते, अन् शाळेजवळचीच्या घरी मयत झाली. घरी ब्लेड नका लावू, कापलं तं डाग राहते, अन् तेवढं माह्यासारखं जमणार बी नाही, दोन्हीतला फरक अजूनच दिसन. फोन कोणाले लावून राह्यल्या? — घरी? लावा. तिकिटाचं सांगाचं असन तं नका सांगू, मले नाही पाह्यजे. भुवईचं सांगाचं असन तं सांगा. — हात नका जोडू, ताई. पैसे बी नका काढू, मी घेत नाही. एका बाजूनं फोटो काढाले सांगजा साऱ्याइले. उठा. पर्स खुंटीले हाय तुमची, चप्पल दाराबाहेर. मले शटर पाडायचं हाय.