एका गोळीवरून काही ठरवायचं नाही

...म्हणजे बायकोच्या रायफलीला पुढची सीट! सीटबेल्टसकट! आणि माझ्या आईनं, सत्तरीच्या बाईनं, मागे हिची नेमबाजीची चटई मांडीवर घेऊन बसायचं! का? तर म्हणे धक्का लागला की झिरो हलतो! तुम्हाला सांगतो, लग्नाआधी मला झिरो म्हटलं की शाळेतलं गणित आठवायचं. आता? नेम धरायच्या साइटमधून जे टिंब दिसतं, तिथेच पन्नास मीटरवर गोळी लागली पाहिजे, हा झिरो. एकदा जुळवला की झालं? छे हो! काडतुसांचा डबा बदलला, तपासा. थंडी पडली, तपासा. काल तपासला म्हणून आज तपासा!

सरावाला मी मागे दुर्बीण लावून. "अगं, उजवीकडे गेली! फिरव ना ते बटण!" तर ही बया पालथी पडूनच, मानसुद्धा न वळवता, "एका गोळीवरून काही ठरवायचं नाही." पाच मारायच्या, पाचही एकत्र कुठे बसल्या ते बघायचं, आणि मग साइटचं बटण... टिक... टिक... बस्स. दोनच टिक! मी असतो तर नळासारखं फिरवलं असतं.

आणि परवा निवडीचा सामना. संघात एकच जागा उरलेली, मागच्या वर्षी हिची थोडक्यात हुकलेली. नंतर आठ दिवस हिनं रायफलीला हात लावला नव्हता हो! सुरुवातीच्या सरावाच्या गोळ्या... पहिली डावीकडे वर! मी उभाच राहिलो. हातानं खुणा... फिरव, फिरव! पंच म्हणतात, "ओ साहेब, बसा खाली." दुसरी उजवीकडे खाली! तिसरी भलतीकडेच! आई पुटपुटतेय, "गेलं गं बाई, गेलं..." शेजारचा गडी तर घाबरून प्रत्येक गोळीला बटण पिळतोय. आणि ही? पाच मारल्या. बघितलं. बटणाला हात नाही! शांतपणे उठली, पिशवीतून पाना काढला, रायफल उलटी केली आणि लाकडाखालचा स्क्रू आवळला. का? तर पाचही एका बाजूला गेल्या तर साइट चुकली. पण चहूकडे पांगल्या तर काहीतरी ढिलं आहे, मग बटण कितीही फिरवा! सगळं पणाला लागलेलं असताना हे सुचतं कसं हो माणसाला? पुढच्या पाच एकाच भोकात. मग दोन टिक... मग खरा सामना... आणि जागा हिची! मी रडलो. खरंच रडलो. पंचांनीच रुमाल दिला.

परतताना गाडीत आरशातून हिला म्हटलं, "पहिल्या भेटीत मी तुझ्या अंगावर कॉफी सांडली होती. तरी हो कशी म्हणालीस गं?"

"एका भेटीवरून काही ठरवायचं नाही. पाचदा भेटले."

"मग?"

"पाचही वेळा उशिरा आलास, पाचही वेळा काहीतरी सांडलंस, पाचही वेळा घरापर्यंत सोडायला आलास. नेमापासून लांब, पण सगळं एकाच जागी. असलं माणूस जुळवून घेता येतं."

तिच्या शेजारून आई, माझी सख्खी आई, म्हणते, "बरोबर आहे हो सूनबाई."

बारा वर्षं, मंडळी! बारा वर्षं ही मला हळूच टिक... टिक... आणि मला पत्ता नाही! समोर गतिरोधक आला. मी आपली गाडी हळू घेतली... उगाच आपला झिरो हलायला नको.